दुकान वाढवताना

आमच्या घरात "दुकान बंद करा" असं कुणी म्हणत नसे. नारायणगावच्या पेठेत अप्पांचं किराणा दुकान होतं. रात्री साडेआठच्या सुमाराला वर्दळ ओसरली की अप्पा हात झटकत म्हणायचे, "चला, वाढवूया." नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, तसंच दुकानही वाढवायचं. 'बंद' हा शब्द उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही.

वाढवण्याला क्रम होता. आधी देणी: हमालाची हमाली, दूधवाल्याचे पैसे, दिवसभर पुड्या बांधणाऱ्या पोराचा रोज. मग गल्ला मोजायचा. मग उधारीची वही. मग गुळाच्या ढेपेवर गोणपाट टाकायचं आणि सगळ्यात शेवटी फळ्या. दुकानाला शटर नव्हतं, अकरा सागवानी फळ्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर डांबराने आकडा काढलेला. सुताराने त्या एकमेकींना घासून बसवलेल्या, त्यामुळे पाचच्या जागी सहा चालत नसे. वरच्या खाचेत डोकं घालायचं, खालच्या खाचेत पाय टेकवायचा आणि सरकवत न्यायचं. घाईत एखादी चुकली, तर दहापर्यंत काही कळायचं नाही. अकरावी हातात घेतली की मग कळायचं, ही बसत नाही. मग सगळ्या काढा, पुन्हा पहिल्यापासून. माझी अशी फजिती कितीदा झाली असेल. अप्पा रागवायचे नाहीत, ओट्यावर बसून तंबाखू मळत बघत राहायचे.

हे सगळं मला दहाव्या वर्षी येत होतं. पुढे मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर झाले, हिंजवडीत नोकरी केली आणि विसरले.

२०१७ च्या जूनमध्ये मी आणि कॉलेजातल्या एका मित्राने मिळून स्वतःचं दुकान काढलं. त्याला स्टार्टअप म्हणायची पद्धत होती. वारं तसंच होतं. २०१६ च्या १६ जानेवारीला केंद्राने स्टार्टअप इंडिया जाहीर केलं होतं. त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, म्हणजे शेतकऱ्याने माल यार्डातच नेला पाहिजे असं बंधन राहिलं नाही. आम्हाला वाटलं, ही वाट आपल्यासाठीच मोकळी झाली आहे. जुन्नर-आंबेगावच्या शेतातून संध्याकाळी माल उचलायचा, रात्री मोशीच्या गोदामात निवडायचा, सकाळी पिंपरी-चिंचवड आणि बाणेर-औंधच्या फ्लॅटमध्ये पोचवायचा. मधली आडत, हमाली, तोलाई सगळं वाचणार. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त, गिऱ्हाइकाला दोन पैसे कमी आणि उरलेलं आपलं. कागदावर इतकं सुंदर दिसत होतं की आधी कुणी का केलं नाही, याचंच आश्चर्य वाटायचं. कुणी का केलं नाही, हा प्रश्न आश्चर्य म्हणून न विचारता चौकशी म्हणून विचारायला हवा होता.

म्हणजे चौकशी आम्ही अगदीच केली नव्हती असं नाही. अमेरिकेत वेबव्हॅन नावाची घरपोच किराण्याची कंपनी होती. १९९९ मध्ये शेअर बाजारात आली आणि २००१ च्या जुलैत तिने दिवाळखोरी जाहीर केली. ऑर्डरी येण्याआधीच तिने प्रचंड गोदामं उभारायला घेतली होती. आमच्या पिच डेकमध्ये, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणात, सातवी स्लाइड तिच्यावर होती: 'वेबव्हॅन का बुडाली आणि आपण का बुडणार नाही'. ती स्लाइड बघून गुंतवणूकदार मान डोलवायचे. ओळखीपाळखीतून आणि नव्या कंपन्यांत स्वतःचे पैसे घालणाऱ्या दोन-तीन 'एंजल' मंडळींकडून मिळून दीड कोटी उभे राहिले. दर महिन्याच्या कॉलवर त्यांचा एकच प्रश्न असे, "मग, कसं वाढवताय?" मला अप्पा आठवायचे आणि ओठ चावून हसू दाबायला लागायचं.

तर आता भाजीविषयी थोडं. कारण आमचं जे काही बिघडलं ते ॲपमध्ये नाही, भाजीत बिघडलं.

टोमॅटो वीस किलोच्या कॅरेटमध्ये येतो. नारायणगावचा टोमॅटो बाजार त्या कॅरेटवरच चालतो. शेतकऱ्याच्या डोक्यातला भाव किलोचा नसतो, कॅरेटचा असतो. टोमॅटो सोसतो. कांदा-बटाटा तर गड्यासारखा, कुठेही टाका. पण कोथिंबीर? संध्याकाळी साडेचारला उपटलेली जुडी रात्री दहाला मोशीला येईपर्यंत गाडीत गरम होते. तिच्या ढिगाऱ्यात हात घातला की आतून तव्यासारखी ऊब लागते. पाणी मारलं तर सकाळी ताजी दिसते आणि दुपारी काळी पडते. नाही मारलं तर सकाळीच मान टाकते. आणि जुन्नर तालुक्यात माल तोडण्याची वेळ तुमच्या सोयीने ठरत नाही. उसात बिबट्या असतो, त्यामुळे दिवस मावळायच्या आत बायामाणसं रानातून घरी जायला बघतात. ती योग्यच करतात. म्हणजे माल चार-साडेचारला तोडलेला. पुढे पाऊणशे किलोमीटर रस्ता आणि त्यात चाकणचा चौक. चाकणला गाडी दीड तास उभी राहिली की आमची मेथी आमच्या डोळ्यांदेखत म्हातारी व्हायची.

शिवाय गिऱ्हाइकाला मेथी हाताने बघायची असते. दारात आलेली जुडी उघडून, नाक मुरडून परत देणाऱ्या काकू चुकीच्या नव्हत्या. त्यांच्या सोसायटीच्या गेटवर बसणारी भाजीवाली जुडी बदलून देते, वर चार मिरच्या टाकते. परत आलेली जुडी तिच्याकडे तासाभरात दुसऱ्या कुणाला तरी खपते, कारण भाव उतरवायला तिला कुणाला विचारावं लागत नाही. आमच्याकडे परत आलेली जुडी सॉफ्टवेअरमध्ये 'रिटर्न' व्हायची आणि कचऱ्यात जायची.

एका ऑर्डरचा हिशेब मला अजून पाठ आहे. सरासरी बिल ३१० रुपये. मालाची खरेदी १९०. नारायणगाव ते मोशी भाडं १४. घरापर्यंत पोचवणूक ४६. पिशव्या नऊ, ऑनलाइन पैसे घेण्याचे सहा, कूपनची सवलत २५. आणि नासाडी ३४. बेरीज ३२४. म्हणजे दर ऑर्डरमागे चौदा रुपये आम्हीच गिऱ्हाइकाला देत होतो. गोदामाचं भाडं आणि पगार वेगळेच. किराणा दुकानदाराच्या मुलीला ही बेरीज कळायला कॉम्प्युटर लागत नाही. अप्पांनी दोन दिवसांत तो माल ठेवणं सोडलं असतं.

आम्ही तो माल साडेपाच वर्षं ठेवला.

मधे लॉकडाउन आलं, त्याने डोळ्यांवर पट्टीच बांधली. मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं, तेव्हा भाजी जीवनावश्यक म्हणून आमच्या गाड्यांना पास मिळाले. एप्रिलमध्ये मार्केट यार्डही बंद पडलं. दिवसाला दीडशे ऑर्डरी होत्या त्या नऊशेवर गेल्या. लोक सोसायटीच्या गेटवर येऊन टेम्पोची वाट बघत उभे राहायचे. कुणी जुडी परत करत नव्हतं, कुणी कूपन मागत नव्हतं, मिळेल ते घेत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं आमचं पुस्तक नफ्यात आलं. लोक आमच्यावर खूश आहेत असं आम्ही समजलो. लोक अडकले होते. अडचणीतल्या गिऱ्हाइकाला कायमचं गिऱ्हाईक समजू नये, हे अप्पांना यात्रेच्या आठवड्यातल्या गल्ल्यावरून ठाऊक होतं. ते यात्रेच्या खपावर कधी माल भरत नसत. आम्ही वाकडला दुसरं गोदाम घेतलं, दोन पिकअप घेतल्या आणि एक शीतखोली बांधली. पिच डेकमधली सातवी स्लाइड तेव्हा कुणालाच आठवली नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी दुपारी मी एक्सेल उघडून बसले. ऑर्डरी साडेतीनशेवर आलेल्या. वाकडचं भाडं चालू. त्या दुपारी मला कळलं. 'शंका आली' नव्हे, कळलं. कोपऱ्यावरची भाजीवाली परत आली होती, आणि तिच्याशी आमची जी स्पर्धा आहे असं आम्ही समजत होतो, ती तिच्या खिजगणतीतही नव्हती.

आणि तरी दुकान चाललं २०२३ च्या जानेवारीपर्यंत. सतरा महिने. या लेखात मला खरं तर या सतरा महिन्यांविषयीच लिहायचं आहे, बाकीचं सगळं सांगून झाल्यावर आता ते टाळता येत नाही.

बुडणाऱ्या कंपन्यांच्या गोष्टी सांगताना लोक बाजाराला दोष देतात. तशी सबब आमच्याकडेही आयती होती. डिसेंबर २०२१ मध्ये घरपोच किराणा देणाऱ्या ग्रोफर्सचं ब्लिंकिट झालं, दहा मिनिटांत घरपोच अशी भाषा सुरू झाली, २०२२ मध्ये स्टार्टअपमधल्या गुंतवणुकीचा ओघ आटला. चारचौघांत मी दीड वर्ष हेच सांगत होते. पण आमची बेरीज त्याआधीच ३२४ होती.

मग का नाही वाढवलं? एक कारण लाज. स्थानिक पुरवणीत आमचा फोटो आला होता, हातात टोमॅटोचं कॅरेट धरून. अप्पांनी तो कापून दुकानात गणपतीच्या तसबिरीशेजारी लावला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. दुसरं कारण, गुंतवणूकदारांना दर महिन्याला जाणारा अहवाल. त्यात 'प्रति ऑर्डर नफा' असा एक रकाना असे. एके महिन्यात मी नासाडीतला बराचसा भाग उचलून 'सॅम्पलिंग' या नावाखाली जाहिरातीच्या खर्चात टाकला. सडायला आलेली भाजी आम्ही गोदामाजवळच्या गोठ्यात द्यायचो. गाईंना नमुना दिला म्हणायचा. पुढच्या महिन्यात सगळीच टाकली. ३२४ मधून ३४ गेले की राहतात २९०. ऑर्डरमागे वीस रुपये नफा! कुणी विचारलं नाही. माझ्या भागीदाराने ते पाहिलं होतं. तो काही बोलला नाही आणि चार महिन्यांनी नोकरीवर रुजू झाला. आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

ते आकडे मी कुणाला फसवायला लिहिले नव्हते, असं मी खूप दिवस स्वतःला सांगत होते. पण वहीत खोटं लिहिलं की पहिला फसतो तो वही लिहिणाराच. माझ्याच अहवालातले वीस रुपये वाचून मलाच धीर यायचा, की अजून सहा महिने काढू.

जानेवारीत संक्रांतीला गोदामात सगळ्यांना तिळगूळ वाटला. आठवड्याने सगळ्यांना एकत्र बोलावलं. चौदा माणसं. त्यात सात बायका माल निवडणाऱ्या. रात्री आठ ते पहाटे चार, मोशीच्या थंडीत, पत्र्याखाली, स्वेटरवर साडी गुंडाळून. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. 'परिस्थिती', 'प्रयत्न', 'सगळ्यांचे आभार', असलं काहीतरी. दोन महिन्यांचा पगार देणार हेही सांगितलं. सगळे गप्प. मेथी निवडणाऱ्या मावशी खाली बसल्या होत्या, पदराने हात पुसत म्हणाल्या, "तिळगूळ दिलात तवाच सांगायचं ना मॅडम."

मी म्हटलं, "तेव्हा नक्की झालं नव्हतं मावशी."

"आमाला दिवाळीतच कळलं व्हतं. माल यायचा तेवढाच आन् फेकायचा वाढला." मग थोडं थांबून, रागाने नाही, सहज सांगितल्यासारखं म्हणाल्या, "दिवाळीच्या आदी चाकणला पॅकिंगची भरती व्हती. माझी जाऊ लागली तितं. मला म्हनली, चल. मी म्हनलं, न्हाई, आमच्या मॅडम चांगल्या हायेत, मी सोडून नाय जायची."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही, आजही नाही. सतरा महिन्यांत माझं काय गेलं याचा हिशेब मी कितीदा केला होता. त्यात चाकणची भरती कुठेच नव्हती.

ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं नोकरी लागते. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. कायद्याने ती दोघांनाच बसत होती, ड्रायव्हरमामांना आणि गोदामाच्या सुपरवायझरला. मावशींची सव्वाचार वर्षं झालेली. त्यांनाही दिली. याला कुणी मोठेपणा म्हणू नये, ते वाक्य ऐकल्यावर न देणं मला जमलं नसतं.

मग शेतकरी. तेवीस जणांचे मिळून सहा लाख चाळीस हजार द्यायचे होते. कायदेशीर कागदांत कुणाचा हक्क कितवा, याची लांबलचक कलमं होती आणि गुंतवणूकदारांपैकी एकाने ती वाचूनही दाखवली. मी त्यांना म्हटलं, "आधी देणी, मग गल्ला." त्यांना ते कळलं नाही; पण बाकीच्यांनी अडवलं नाही. खात्यातले पैसे, विकलेल्या पिकअप, शीतखोलीचे भंगाराच्या भावाने आलेले पैसे, तरी दोन लाख कमी पडत होते. काचेची बांगडी वाढवतात, सोन्याची मोडतात. मी चार मोडल्या.

पैसे खात्यावर पाठवता आले असते. पण आधी जाऊन सांगायचं ठरवलं होतं, म्हणून प्रत्येकाच्या बांधावर गेले. मनात मी काहीतरी प्रसंग रंगवला असणार. कुणी धीर देईल, कुणी शिव्या देईल. पिंपळवंडीजवळच्या वस्तीवर पहिलेच तात्या भेटले. त्यांनी आतून प्लॅस्टिकची पिशवी आणली, त्यात आम्ही उचललेल्या मालाच्या हिशेबाच्या सगळ्या पट्ट्या तारखेप्रमाणे लावलेल्या. चष्मा लावून एकेक पट्टी माझ्या यादीशी ताडून बघितली. अर्धा तास. मग म्हणाले, "तीनशे चाळीस कमी लावलेत. श्रावणातली दोडक्याची पट्टी धरली नाही." खरंच धरली नव्हती. चहा झाला. निघताना म्हणाले, "कॅरेटं काय करताय? देऊन टाका ना मला. साठ-साठ रुपयांनी शंभर घेतो." दोडक्याची पट्टी धरली आणि शंभर कॅरेटं दिली. परत येताना गाडीत मला बरेच दिवसांनी गाढ झोप लागली. ड्रायव्हरमामांनी चाकणला उठवलं.

यानंतर राहिल्या फळ्या.

कंपनी काढायला आम्हाला दोन आठवडे लागले होते. वाढवायला सव्वा वर्ष लागलं. आमचा सीए अप्पांसारखाच, फार बोलत नाही. त्याने एका कागदावर क्रम लिहून दिला. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, पण आम्ही तूप आणि मसाले विकायचो म्हणून नोंदणी होती. ती रद्द करायची आणि तीन महिन्यांच्या आत शेवटचं विवरणपत्र भरायचं. भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर, गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी, अन्न परवाना, एकेक करून मिटवायचं. जुनी वार्षिक विवरणपत्रं राहिली असतील तर ती भरायची, आणि उशिराला दर फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये. आमचे दोन फॉर्म राहिले होते. म्हणजे दुकान बंद, तरी रोज सकाळी उठलं की दोनशे रुपये चढलेले. मग बँक खातं. मग कंपनी कायद्याच्या कलम २४८ खाली एसटीके-२ हा अर्ज, फी दहा हजार. त्याला जोडायचा ताळेबंद तीस दिवसांपेक्षा जुना चालत नाही. शीतखोलीत कोबी याहून जास्त टिकतो, असं मी म्हटल्यावर सीए पहिल्यांदा हसला.

त्या अर्जाबरोबर संचालकांनी स्टँपपेपरवर एक हमीपत्र द्यायचं असतं: कंपनीचं नाव निघाल्यावरही कुणाचं देणं निघालं, तर आम्ही भरू. भागीदार त्यासाठी बंगळूरहून आला. नोटरीच्या टपरीवजा ऑफिसात आम्ही दोघांनी सह्या केल्या. बाहेर येऊन चहा घेताना तो म्हणाला, "सॅम्पलिंगचं मी तेव्हाच बोलायला हवं होतं." मी म्हटलं, "मी लिहायलाच नको होतं." तो विषय तेवढाच झाला. पण त्या हमीपत्राएवढा खरा कागद आम्ही कंपनीच्या नावाने दुसरा लिहिला नसेल. आणि तो गुंतवणूकदारांना नाही, कुठल्या तरी अनोळखी माणसाला उद्देशून होता, जो उद्या येऊन म्हणेल, माझे राहिलेत.

१ मे २०२३ पासून कंपन्यांची नावं अशी काढून टाकायचं काम हरियाणात मानेसरच्या एका केंद्रात चालतं. मुहूर्त आपल्या महाराष्ट्र दिनाचा. तिथे आमचा अर्ज गेला, हरकतींची नोटीस निघाली, कुणी हरकत घेतली नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात एक ईमेल आला. नाव कमी झालं होतं. मी नारायणगावला फोन केला. अप्पांनी किराणा दुकान दोन वर्षांपूर्वीच मोबाइलवाल्याला भाड्याने दिलंय. तिथे आता काचेचा दरवाजा आहे. म्हणाले, "वाढवलंस का नीट? सगळ्यांचं दिलंस?"

"दिलं अप्पा."

"फळ्या बसल्या?"

मी हो म्हटलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मोशीच्या गोदामाच्या पत्त्यावरून फिरत फिरत एक पाकीट घरी आलं. वीजमीटरच्या अनामत रकमेचा परतावा, अठरा हजार चारशे रुपयांचा चेक, कंपनीच्या नावाने. अनामत परत मागायचा अर्ज मीच केला होता आणि बँक खातं बंद करताना मीच तो विसरले होते. सीएला फोन लावला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, या नावाची कंपनीच नाही आता. चेक भरणार कुठे?"

"मग काय करायचं?"

"कंपनी पुन्हा जिवंत करता येते. कलम २५२. ट्रिब्युनलकडे अर्ज करायचा. वीस वर्षांपर्यंत मुदत आहे."

वकिलाची फी किती होईल, ते त्याने सांगितलं. आम्ही दोघंही हसलो. चेक तीन महिन्यांत शिळा झाला. तो टेबलाच्या खणात आहे, अप्पांनी तसबिरीशेजारून काढून दिलेल्या त्या फोटोखाली.